ग्रेट ब्रिटनमध्ये पाळीव कुत्र्यांचा प्रवेश

ग्रेट ब्रिटनमध्ये पाळीव कुत्र्यांचा प्रवेश हा प्रामुख्याने रेबीज या प्राणघातक रोगाला देशाबाहेर ठेवण्यासाठी केलेल्या नियमांनी नियंत्रित होतो. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स येथे परदेशातून येणाऱ्या प्रत्येक पाळीव कुत्र्याला मायक्रोचिप, रेबीजची वैध लस, आरोग्य प्रमाणपत्र किंवा मान्य पारपत्र आणि बहुतांश देशांतून येताना पट्टकृमीविरोधी औषधोपचार आवश्यक असतो. भारतासारख्या 'सूचीबाह्य' देशांतून येणाऱ्या कुत्र्याची यांशिवाय रक्तचाचणी करावी लागते आणि त्यानंतर तीन महिने थांबावे लागते. या अटी पूर्ण न झाल्यास कुत्र्याला चार महिन्यांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते किंवा आला त्या देशात परत पाठवले जाऊ शकते.

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ब्रिटनमध्ये येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कुत्र्याला सहा महिने विलगीकरणात काढावे लागत. २८ फेब्रुवारी २००० रोजी सुरू झालेल्या पाळीव प्राणी प्रवास योजनेने ही पद्धत बदलली. उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग असला तरी तेथे या बाबतीत युरोपीय संघाचे नियम लागू असल्याने या लेखातील माहिती ग्रेट ब्रिटनपुरती मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

रेबीज हा लिसाव्हायरस गटातील विषाणूमुळे होणारा मज्जासंस्थेचा रोग आहे. मराठीत कुत्र्याला हा रोग झाला की कुत्रा 'पिसाळला' असे म्हणतात. बाधित प्राण्याच्या लाळेतून, मुख्यतः चाव्याद्वारे, तो माणसाला आणि इतर सस्तन प्राण्यांना होतो. चावा घेतल्यानंतर वेळेवर लस दिल्यास रोग टाळता येतो. परंतु लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच मृत्यूला कारण ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने दगावतात आणि त्यांपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात. माणसाला होणाऱ्या रेबीजचे मूळ बहुतेक वेळा कुत्र्याचा चावा हेच असते.

ग्रेट ब्रिटन हे बेट असल्यामुळे तेथे जमिनीवरून बाधित प्राणी येण्याचा मार्ग नाही. एकदा रोगाचे उच्चाटन झाल्यावर तो पुन्हा येण्याचा मुख्य धोका जहाजातून, विमानातून किंवा बोगद्यातून आणलेल्या प्राण्यांकडून उरतो. या भौगोलिक वैशिष्ट्यामुळे बंदरे आणि विमानतळ येथील तपासणीला असाधारण महत्त्व मिळाले. ब्रिटनमधील काही वटवाघळांमध्ये रेबीजच्या विषाणूशी संबंधित लिसाव्हायरस आढळतो. मात्र कुत्र्यांमधून पसरणारा रेबीज तेथे अस्तित्वात नाही.

इतिहास

मुसक्यांचा कायदा व उच्चाटन

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या शहरांत पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती मोठी होती. १८९० च्या दशकात कृषी मंडळाचे अध्यक्ष वॉल्टर लाँग यांनी बाधित भागांतील कुत्र्यांना मुसके बांधण्याची सक्ती कठोरपणे राबवली. या सक्तीला श्वानमालकांचा तीव्र विरोध झाला. त्याच काळात, १८९७ मध्ये, परदेशातून कुत्रा आणण्यावर परवान्याची व विलगीकरणाची अट घालण्यात आली आणि पुढे विलगीकरणाचा काळ सहा महिने असा स्थिर झाला. १९०२ पर्यंत देशातून रेबीजचे उच्चाटन झाले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, हा रोग पुन्हा अवतरला. युद्धभूमीवरून परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांमार्फत तो आल्याचे मानले जाते. डेव्हन व कॉर्नवॉल या परगण्यांत त्याचा प्रादुर्भाव झाला आणि तो आटोक्यात येण्यास १९२२ उजाडले.

कँबरली व न्यूमार्केट येथील घटना

ऑक्टोबर १९६९ मध्ये इंग्लंडमधील कँबरली येथे फ्रिट्झ नावाच्या कुत्र्याला रेबीज झाल्याचे आढळले. तो जर्मनीहून आला होता आणि त्याने सहा महिन्यांचे विलगीकरण नियमाप्रमाणे पूर्ण केले होते. सुटकेनंतर थोड्याच दिवसांत त्याने माणसांना चावे घेतले. रोग वन्य प्राण्यांत पसरू नये म्हणून परिसरातील कोल्ह्यांना मारण्याची मोहीम हाती घेण्यात आली. १९७० च्या आरंभी न्यूमार्केट येथे पाकिस्तानातून आणलेल्या व विलगीकरणातून सुटलेल्या आणखी एका कुत्र्याला रेबीज झाला.

या दोन घटनांनी सहा महिन्यांचा काळ पुरेसा आहे का, हा प्रश्न उभा केला. विलगीकरणाचा काळ तात्पुरता वाढवण्यात आला आणि रोनाल्ड वॉटरहाउस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. समितीच्या अहवालानंतर १९७४ चा रेबीज कायदा आणि कुत्री, मांजरे व इतर सस्तन प्राण्यांच्या आयातीविषयीचा त्याच वर्षीचा आदेश अस्तित्वात आला. विलगीकरणाचा काळ सहा महिनेच राहिला, परंतु विलगीकरणात असताना प्राण्यांचे लसीकरण करणे आणि चोरट्या आयातीला कठोर शिक्षा देणे यांवर भर देण्यात आला. १९७० व १९८० च्या दशकांत बंदरांवर लावलेली रेबीजविषयक इशाऱ्याची भित्तिपत्रके अनेक ब्रिटिश प्रवाशांच्या परिचयाची होती.

विलगीकरणाविरुद्धची चळवळ

१९९० च्या दशकात या पद्धतीवर टीका वाढू लागली. पश्चिम युरोपातील कोल्ह्यांना तोंडावाटे लस देण्याच्या मोहिमांमुळे तेथील रेबीज झपाट्याने कमी होत होता. लस, मायक्रोचिप आणि रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी ही साधने एकत्र वापरल्यास कोंडून ठेवण्यापेक्षा अधिक खात्रीशीर संरक्षण मिळू शकते, असे टीकाकारांचे म्हणणे होते. सहा महिने पिंजऱ्यात राहिल्याने प्राण्यांना होणारा त्रास आणि मालकांवर पडणारा खर्च हेही त्यांचे मुद्दे होते. नोकरीनिमित्त परदेशी राहणारे राजनैतिक अधिकारी आणि सैनिक यांना ही झळ विशेष बसत असे. हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनी १९९७ मध्ये मायदेशी परतताना आपल्या दोन टेरियर कुत्र्यांना विलगीकरणात न ठेवता फ्रान्समध्ये ठेवले. या निर्णयाची मोठी चर्चा झाली.

प्राध्यापक इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार गटाने १९९८ मध्ये सादर केलेल्या अहवालात युरोपीय संघातील देश व रेबीजमुक्त बेटे येथून येणाऱ्या पाळीव प्राण्यांसाठी विलगीकरणाऐवजी पर्यायी व्यवस्था सुचवली. त्यानुसार २८ फेब्रुवारी २००० रोजी पाळीव प्राणी प्रवास योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. मायक्रोचिप, लस, रक्तचाचणी, चाचणीनंतर सहा महिन्यांची प्रतीक्षा आणि प्रवासापूर्वी गोचीड व पट्टकृमी यांविरुद्ध उपचार असे तिचे टप्पे होते. पूर्वीचे सहा महिने पिंजऱ्यात जात. नव्या योजनेत तेवढाच काळ कुत्रा आपल्या घरी घालवू शकत होता. २००२ च्या अखेरीस अमेरिका व कॅनडा हे देश योजनेत समाविष्ट झाले.

युरोपीय नियम व त्यानंतर

जुलै २००४ पासून युरोपीय संघाचे समान नियम व 'पाळीव प्राण्यांचे पारपत्र' लागू झाले. मात्र ब्रिटन, आयर्लंड, स्वीडन व माल्टा यांना काही अधिक कठोर अटी ठेवण्याची मुभा होती. १ जानेवारी २०१२ पासून ब्रिटनने आपले नियम संघाच्या नियमांशी जुळवून घेतले. त्यामुळे सूचीबद्ध देशांतून येणाऱ्या कुत्र्यांची रक्तचाचणी बंद झाली, लसीकरणानंतरची प्रतीक्षा २१ दिवसांवर आली आणि सूचीबाह्य देशांसाठी रक्तचाचणीनंतरचा काळ सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आला. गोचिडांवरील सक्तीचा उपचार रद्द झाला, पट्टकृमीवरील उपचाराची अट कायम राहिली. २९ डिसेंबर २०१४ पासून लागू झालेल्या सुधारित युरोपीय नियमांनी प्राण्यांची संख्या, लसीकरणाचे किमान वय आणि मालकाच्या प्रवासाची मुदत यांविषयीच्या तरतुदी स्पष्ट केल्या.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर, १ जानेवारी २०२१ पासून, ग्रेट ब्रिटनमध्ये दिलेली युरोपीय पारपत्रे संघातील प्रवासासाठी अवैध ठरली. ब्रिटिश श्वानमालकाला फ्रान्स किंवा स्पेनला जाताना दरवेळी नवीन आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागू लागले. मे २०२५ मध्ये ब्रिटन व युरोपीय संघ यांच्यात झालेल्या व्यापक सहमतीत पाळीव प्राण्यांचा प्रवास पुन्हा सुलभ करण्याचा समावेश होता.

देशांचे वर्गीकरण

कुत्रा कोणत्या देशातून येतो यावर त्याला लागू होणाऱ्या अटी ठरतात.

* सूचीबद्ध देश: युरोपीय संघातील देशांखेरीज अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, मॉरिशस, संयुक्त अरब अमिराती इत्यादी देश या गटात मोडतात. येथून येणाऱ्या कुत्र्याला रक्तचाचणी लागत नाही. लसीकरणानंतर २१ दिवस थांबणे पुरेसे असते.
* सूचीबाह्य देश: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, चीन इत्यादी देश या गटात येतात. येथून येणाऱ्या कुत्र्याला रक्तचाचणी व तीन महिन्यांची प्रतीक्षा बंधनकारक आहे.

हे वर्गीकरण संपूर्ण देशासाठी असते, त्यातील राज्यासाठी नाही. उदाहरणार्थ, गोवा राज्याला २०२१ मध्ये 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून घोषित करण्यात आले. तरीही गोव्यातून निघालेल्या कुत्र्याला भारतातील इतर कोणत्याही कुत्र्याप्रमाणेच सूचीबाह्य देशाचे नियम लागू होतात.

प्रवेशाच्या अटी

मायक्रोचिप

मायक्रोचिप ही तांदळाच्या दाण्याएवढी निष्क्रिय चकती असून ती कुत्र्याच्या मानेजवळ त्वचेखाली टोचली जाते. तिच्यात वीजघट नसतो. वाचकयंत्र जवळ नेल्यावर ती केवळ एक क्रमांक दर्शवते. ती आयएसओ ११७८४ व आयएसओ ११७८५ या मानकांनुसार असणे अपेक्षित असते. वेगळ्या प्रकारची चिप असल्यास मालकाला स्वतःचे वाचकयंत्र सोबत न्यावे लागू शकते.

चिप ही लसीकरणापूर्वी किंवा त्याच वेळी बसवलेली असली पाहिजे. आधी लस व नंतर चिप असा क्रम झाल्यास ती लस ग्राह्य धरली जात नाही आणि कुत्र्याला पुन्हा लस द्यावी लागते. लस नेमकी याच कुत्र्याला दिली होती, हे सिद्ध करण्याचे दुसरे साधन नसणे हे यामागील कारण आहे. भारतात पिल्लांना लस नियमित दिली जाते, परंतु चिप बहुधा परदेशप्रवास ठरल्यावरच बसवली जाते. त्यामुळे अनेक मालकांना या नियमामुळे प्रक्रिया पहिल्यापासून सुरू करावी लागते.

रेबीजची लस

लस देताना कुत्र्याचे वय किमान १२ आठवडे असावे लागते. लसीच्या नोंदीत कुत्र्याची जन्मतारीख, चिपचा क्रमांक व ती बसवल्याची किंवा वाचल्याची तारीख, लसीचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, लस दिल्याची तारीख आणि वैधतेची मुदत यांचा उल्लेख आवश्यक असतो. पुढची मात्रा आधीच्या लसीची मुदत संपण्यापूर्वी दिली गेली नाही, तर ती नव्याने दिलेली पहिली लस मानली जाते आणि रक्तचाचणीही पुन्हा करावी लागते.

रक्तचाचणी

सूचीबाह्य देशातून येणाऱ्या कुत्र्याच्या रक्ताचा नमुना लसीकरणानंतर किमान ३० दिवसांनी पशुवैद्यकाने घ्यावा लागतो. हा नमुना युरोपीय संघाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासला जातो. रक्तजलात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असल्यास कुत्रा उत्तीर्ण ठरतो. प्रमाण कमी आढळल्यास पुन्हा लस देऊन पुन्हा चाचणी करावी लागते. व्यवहारात या चाचणीला 'टायटर चाचणी' असे म्हणतात.

तीन महिन्यांची प्रतीक्षा

उत्तीर्ण झालेल्या चाचणीचा रक्तनमुना ज्या दिवशी घेतला, त्या दिवसापासून तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय कुत्र्याला प्रवेश मिळत नाही. अहवाल हाती आल्याचा दिवस येथे विचारात घेतला जात नाही.

चाचणीत उत्तीर्ण झाल्यानंतरही थांबण्याचे कारण रोगाच्या स्वरूपात आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला परिपाक काल म्हणतात. रेबीजमध्ये तो आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत असू शकतो. या काळात प्राणी पूर्ण निरोगी दिसतो. लस देण्याआधीच बाधा झालेल्या कुत्र्याला लस वाचवेलच असे नाही, आणि रक्तातील प्रतिपिंडे लसीमुळे आली की बाधेमुळे, हे चाचणी सांगू शकत नाही. मात्र बाधेमुळे येणारी प्रतिपिंडे सहसा लक्षणांच्या सुमारास दिसू लागतात. म्हणून नमुना घेतल्यानंतर तीन महिने कुत्रा निरोगी राहिला, तर ती प्रतिपिंडे लसीचीच होती, असा निष्कर्ष काढता येतो. चाचणी व प्रतीक्षा ही अशा प्रकारे एकमेकांना पूरक असतात.

युरोपीय संघात लस व रक्तचाचणी होऊन पारपत्रात तशी नोंद झालेला कुत्रा सूचीबाह्य देशात जाऊन परतत असल्यास ही प्रतीक्षा लागू होत नाही.

पट्टकृमीविरोधी उपचार

हा उपचार एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस या पट्टकृमीविरुद्ध असतो. युरोपच्या मुख्य भूमीवर अनेक प्रदेशांत तो कोल्ह्यांच्या आतड्यांत आढळतो. उंदरांसारखे कृंतक प्राणी खाल्ल्याने त्याची बाधा कुत्र्यालाही होते, परंतु कुत्र्यात सहसा कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. कृमीची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास मात्र यकृतात हळूहळू वाढणारा गंभीर रोग होऊ शकतो. ब्रिटन या कृमीपासून मुक्त मानले जाते.

ग्रेट ब्रिटनमध्ये पोहोचण्यापूर्वी किमान २४ तास व जास्तीत जास्त १२० तास या दरम्यान पशुवैद्यकाने प्राझिक्वांटेल किंवा तितकेच प्रभावी औषध देऊन त्याची तारीख व वेळ प्रमाणपत्रात नोंदवावी लागते. मालकाने घरी दिलेले औषध चालत नाही. आयर्लंड, उत्तर आयर्लंड, फिनलंड, माल्टा व नॉर्वे येथून थेट येणाऱ्या कुत्र्यांना ही अट नाही.

प्रमाणपत्र व मालकाचा प्रवास

सूचीबाह्य देशातून येताना ग्रेट ब्रिटनचे विहित नमुन्यातील आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असते. ते दिल्यापासून १० दिवसांच्या आत कुत्रा पोहोचला पाहिजे. मालकाने किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या व्यक्तीने कुत्र्याच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत प्रवास करणे अपेक्षित असते. तसे न झाल्यास, किंवा प्राण्याची विक्री वा मालकीबदल होणार असल्यास, ती व्यापारी आयात समजली जाते आणि तिला अधिक कडक नियम लागू होतात. प्रदर्शन, स्पर्धा किंवा प्रशिक्षण यांचा अपवाद वगळता एका व्यक्तीला पाचपेक्षा अधिक पाळीव प्राणी आणता येत नाहीत.

मान्यताप्राप्त मार्ग

सहायक कुत्र्यांचा अपवाद वगळता कुत्र्याला मान्यताप्राप्त मार्गाने व मान्यताप्राप्त वाहतूक कंपनीमार्फतच आणावे लागते. विमानाने येणारा पाळीव कुत्रा प्रवासी कक्षातून नव्हे, तर मालवाहतूक म्हणून येतो. हीथ्रो विमानतळावर उतरलेले प्राणी लंडन शहर महामंडळाकडून चालवल्या जाणाऱ्या प्राणी स्वागत केंद्रात नेले जातात. तेथे चिप वाचून कागदपत्रे पडताळल्यावरच प्राणी मालकाच्या हवाली केला जातो.

काही प्रवासी कुत्र्याला विमानाने युरोपातील एखाद्या शहरात नेऊन तेथून जहाजाने किंवा खाडीखालील बोगद्यातून वाहनासह इंग्लंडला जातात. अशा वेळी युरोपीय संघात प्रवेशाचे नियमही पाळावे लागतात. युरोस्टार या प्रवासी रेल्वेगाडीत मात्र सहायक कुत्र्यांखेरीज प्राणी नेता येत नाहीत.

प्रतिबंधित जाती

१९९१ च्या धोकादायक श्वान कायद्यानुसार पिट बुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो व फिला ब्राझिलेरो या प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलत प्रमाणपत्राशिवाय एक्सएल बुली प्रकारचा कुत्रा बाळगणे गुन्हा आहे. कुत्रा कोणत्या प्रकारात मोडतो, हे त्याच्या वंशावळीपेक्षा शारीरिक लक्षणांवरून ठरवले जाते. त्यामुळे संकरित कुत्राही या बंदीच्या कक्षेत येऊ शकतो. आरोग्याच्या सर्व अटी पूर्ण करूनही अशा कुत्र्याला मुभा मिळत नाही.

भारतातून नेताना

भारतातून कुत्रा परदेशी नेण्यासाठी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाच्या अखत्यारीतील प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेकडे अर्ज करावा लागतो. या सेवेची केंद्रे मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद व बंगळुरू येथे आहेत. केंद्रातील अधिकारी कुत्र्याची व कागदपत्रांची तपासणी करून निर्यातीसाठी प्रमाणपत्र देतात.

एकूण प्रक्रियेचा कालक्रम पुढील उदाहरणावरून स्पष्ट होतो.

* १ मार्च: मायक्रोचिप बसवून त्याच भेटीत रेबीजची लस.
* ५ एप्रिल: रक्ताचा नमुना (लसीनंतर ३५ दिवस).
* ५ जुलै: नमुन्यापासून तीन महिने पूर्ण, यानंतर प्रवेश शक्य.
* १० जुलै, सकाळी १०: समजा, ब्रिटनमध्ये आगमन. पट्टकृमीविरोधी औषध ब्रिटनच्या वेळेनुसार ५ जुलै सकाळी १० ते ९ जुलै सकाळी १० या दरम्यान दिलेले हवे. प्रमाणपत्रही १० दिवसांपेक्षा जुने नसावे.

विमानास मोठा विलंब झाल्यास औषधोपचाराची १२० तासांची मुदत उलटू शकते. म्हणून औषध मुदतीच्या अगदी आरंभी न देणे सोयीचे ठरते. १२ आठवडे वय, ३० दिवस व तीन महिने यांची बेरीज केल्यास भारतातील कोणतेही पिल्लू सुमारे सात महिन्यांचे होण्यापूर्वी ग्रेट ब्रिटनमध्ये नेता येत नाही, असे दिसते. परदेशी नोकरी किंवा शिक्षणाचे ठरल्यावर व्हिसा बहुधा काही आठवड्यांत मिळतो, कुत्र्याची प्रक्रिया मात्र किमान चार महिने चालते. त्यामुळे अनेक कुटुंबांत मालक आधी जातो आणि कुत्रा नातेवाइकांकडे राहतो. अशा वेळी पाच दिवसांचा नियम पाळण्यासाठी मालकाला पुन्हा भारतात यावे लागते किंवा दुसऱ्या व्यक्तीला लेखी अधिकार द्यावा लागतो.

कायमच्या वास्तव्यासाठी ब्रिटनमध्ये जाणारी व्यक्ती तेथील महसूल विभागाकडे स्थलांतर सवलतीसाठी अर्ज करून कुत्र्यावरील कर टाळू शकते. आगमनानंतर चिपचा क्रमांक ब्रिटनमधील मान्यताप्राप्त नोंदवहीत नोंदवावा लागतो. कुत्र्यांना चिप बसवणे तेथे २०१६ पासून सक्तीचे आहे.

विमानप्रवास

कुत्र्याचा पिंजरा आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमांनुसार असावा लागतो. त्यात कुत्र्याला नीट उभे राहता, वळता व आडवे होता आले पाहिजे, तसेच हवा खेळती राहिली पाहिजे आणि पाण्याचे भांडे बाहेरून भरता आले पाहिजे. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना उष्णता व ताण यांमुळे श्वसनाचा त्रास होण्याचा धोका अधिक असतो. म्हणून अनेक विमान कंपन्या त्यांना नेण्यास नकार देतात किंवा उन्हाळ्यात निर्बंध घालतात. गुंगीचे औषध दिल्याने उंचीवर रक्तदाब व श्वसन यांवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे असे औषध सामान्यतः देऊ नये, असा पशुवैद्यकांचा सल्ला असतो. प्रवासापूर्वी काही आठवडे कुत्र्याला पिंजऱ्यात बसण्याची व झोपण्याची सवय लावणे हा अधिक सुरक्षित उपाय समजला जातो.

अटी पूर्ण न झाल्यास

कागदपत्रांत त्रुटी आढळल्यास कुत्र्याला मान्यताप्राप्त विलगीकरण केंद्रात ठेवले जाते. चिप वाचता न येणे, क्रमांकातील एखादा अंक चुकणे, लसीची मुदत संपलेली असणे, नमुना ३० दिवसांपूर्वीच घेतलेला असणे किंवा पट्टकृमीवरील उपचाराची वेळ न लिहिणे या नेहमीच्या त्रुटी होत. लिखित चूक दुरुस्त करता आल्यास कुत्रा लवकर सुटू शकतो. लस किंवा चाचणी मुळातच अपुरी असल्यास विलगीकरण चार महिन्यांपर्यंत चालू शकते. त्याचा संपूर्ण खर्च मालकावर पडतो. प्राणी चोरून आणणे हा दंड व कारावास यांस पात्र गुन्हा आहे.

टीका व वाद

नियम शिथिल झाल्यानंतर कुत्र्यांची ये-जा वाढली आणि तिच्याबरोबर रेबीजखेरीज इतर रोगांचा प्रश्न पुढे आला. गोचिडांवरील सक्तीचा उपचार २०१२ मध्ये बंद झाल्यानंतर, २०१५-१६ च्या हिवाळ्यात, एसेक्स परगण्यातील हार्लो येथे परदेशी कधीही न गेलेल्या कुत्र्यांना गोचिडांमार्फत पसरणारा बॅबेसिया रोग झाला. पशुवैद्यकांच्या संघटनांनी तेव्हापासून हा उपचार पुन्हा सक्तीचा करण्याची मागणी लावून धरली आहे. पूर्व युरोपातून दत्तक आणलेल्या कुत्र्यांमध्ये ब्रुसेला कॅनिस या जीवाणूची बाधा आढळल्यानेही चिंता व्यक्त झाली आहे. हा जीवाणू माणसालाही बाधू शकतो.

पाळीव प्राण्यांसाठीच्या सवलतींचा गैरफायदा घेऊन विक्रीसाठी लहान पिल्ले आणण्याचा चोरटा व्यापार ही दुसरी समस्या आहे. वयाचे खोटे दाखले व बनावट लसनोंदी यांमुळे आजारी पिल्ले खरेदीदारांच्या घरी पोहोचतात. याउलट, २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धामुळे आलेल्या निर्वासितांच्या पाळीव प्राण्यांना ब्रिटनने तातडीच्या परवान्यावर प्रवेश दिला आणि आवश्यक तेथे विलगीकरणाचा खर्च शासनाने उचलला.

इतर देशांशी तुलना

* जपान: रेबीजच्या किमान दोन लशी, रक्तचाचणी व नमुन्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा आवश्यक असते. आगमनाच्या किमान ४० दिवस आधी सूचना द्यावी लागते. सर्व अटी पूर्ण असल्यास विमानतळावरील तपासणी १२ तासांच्या आत आटोपते.
* ऑस्ट्रेलिया: मेलबर्नजवळील मिकलहॅम येथील शासकीय केंद्रात विलगीकरण सक्तीचे आहे. मार्च २०२३ पासून, कुत्र्याची ओळख आधी अधिकृतरीत्या पडताळलेली नसल्यास, हा काळ किमान ३० दिवसांचा असतो. अन्यथा तो १० दिवसांचा असतो. भारतातून कुत्रा थेट नेता येत नाही. मान्यताप्राप्त देशामार्गे न्यावा लागतो.
* अमेरिका: १ ऑगस्ट २०२४ पासून येणाऱ्या कुत्र्याचे वय किमान सहा महिने असणे व त्याला मायक्रोचिप असणे बंधनकारक आहे. भारताचा समावेश रेबीजचा अधिक धोका असलेल्या देशांत होत असल्याने येथे लस घेतलेल्या कुत्र्याला जादा अटी लागू होतात.

या सर्व पद्धतींमध्ये ओळख, लस, रक्तचाचणी व प्रतीक्षा हे घटक कमीअधिक प्रमाणात समान आहेत. प्रत्येक देश कोणता धोका पत्करण्यास तयार आहे, त्यानुसार प्रतीक्षेचा कालावधी व विलगीकरणाची आवश्यकता बदलते. नियम वेळोवेळी सुधारले जात असल्याने प्रवासापूर्वी संबंधित देशाच्या शासकीय यंत्रणेकडून ताजी माहिती घेणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

* रेबीज
* कुत्रा
* विलगीकरण
* लसीकरण
* जागतिक पशुआरोग्य संघटना
* हीथ्रो विमानतळ